रिकामी फ्लॉपी परत पाठवू नये

शेवटी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संदीप गजभिये रामाकोन्याच्या स्टेशनावर उतरला. त्याच्यामागोमाग आणखी नऊ जण उतरले, ज्यांना तिथं कोणीही ओळखत नव्हतं.

हे मी सांगितलेलं नाही. वाचकांनी वरची दोन वाक्यं वाचलीच नाहीत असं धरून चालावं. मला स्वतःला तर ती आठवतसुद्धा नाहीत. आपण रीतसर सुरुवातीपासून सुरुवात करू.

सन दोन हजार दोन. मी बावीस वर्षांचा होतो, बी.कॉम. होतो, आणि पांढुर्ण्यात ज्या चार-पाच घरी कॉम्प्युटर होता त्यातल्या एका घरचा मुलगा होतो. या तिसऱ्या पात्रतेमुळे गल्लीत मला इंजिनियर समजत. कोणाचा मिक्सर बंद पडला तरी निरोप मला येई. आमचा कॉम्प्युटर बैठकीत होता आणि त्याच्यावर आईनं विणलेलं पांढरं झाकण होतं. ते काढायच्या आधी हात धुवावे लागत. इतका मान आमच्या घरी पुढं जावयालाही मिळाला नाही.

त्या कॉम्प्युटरवर मी 'संत्रा विचारपीठ' वाचत असे. पुण्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी चालवलेली ती ई-मेलची चर्चा होती. आपण एक पत्र धाडायचं आणि ते दीडशे सभासदांना एकाच वेळी जायचं. आज हे वाक्य वाचून कोणाच्या भुवया हलणार नाहीत, पण तेव्हा मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे घरातलं बोलणं दीडशे घरी?" आणि झाकण पुन्हा घालून टाकलं. दीडशे सभासदांपैकी संत्र्याचं झाड प्रत्यक्ष पाहिलेले तीसेक असतील. उरलेल्यांची मतं जास्त ठाम होती.

अडचण अशी की इंटरनेट लावायला आम्हाला नागपूरला एसटीडी लावावी लागे. मी पांढुर्ण्याहून लावायचो. सौंसरला प्रणाली तिच्या काकांच्या टायपिंग क्लासमधून लावायची. तिगावला दत्तात्रय गुरुजी शाळा सुटल्यावर लावायचे. तिघंही तीच चर्चा, तीच भांडणं, त्याच प्राध्यापकांचे तेच 'सर्व सभासदांस नम्र विनंती' ओढून आणायचो. एका विहिरीवरून एकच घागर तीन वेळा भरायची आणि तिन्ही वेळा दोर तुटायचा, असा प्रकार. नागपूरची लाईन लागत नसे. लागली की तुटे. तुटली नाही की आईला मावशीचा फोन येणार असे.

म्हणून मी एक योजना काढली. नागपूर फक्त पांढुर्ण्यानं लावायचं. चर्चा एका फ्लॉपीत भरायची, फ्लॉपी बसनं सौंसरला धाडायची, तिगावला पॅसेंजरनं. उत्तरं त्याच वाटेनं परत. एक चर्चा, एक फोन, तीन गावं. कागदावर ही योजना इतकी सुंदर दिसत होती की मी ती बाबांना दाखवली.

योजनेच्या आयुष्यातली ही पहिली दुर्घटना.

बाबा, म्हणजे विनायकराव धोटे, नगरपालिकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि त्या दिवसापासून कशाची तरी वाट पाहत होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं, "समिती कुठाय?"

"कसली समिती?"

"तीन गावं आहेत ना? मंग समिती लागते. अध्यक्ष कोण, आवक-जावक कोण पाहणार? असंच कागदं इकडून तिकडं पाठवून राहिला का तू?"

आठ दिवसांत 'पांढुर्णा-सौंसर विभागीय चर्चा वाहतूक सहकारी समिती' स्थापन झाली. बाबा अध्यक्ष. मी 'वाहतूक निरीक्षक'. योजना माझी, कॉम्प्युटर मी चालवणार, आणि पद असं की लोकांना वाटावं मी चौकात शिट्टी वाजवतो. मी निषेध नोंदवला. बाबांनी तो खरोखर नोंदवला. आवक क्रमांक एक.

नोंदणीसाठी मी एका दफ्तरात गेलो. ते कोणतं ते सांगत नाही, कारण आमचा अर्ज तिथं अजून आहे. खिडकीमागच्या साहेबांनी फॉर्म पुढं ओढला.

"माल काय?"

"चर्चा."

"ते नाही विचारलं. माल. संत्रा, कापूस, दूध. काय हाय?"

"चर्चाच आहे साहेब."

त्यांनी 'अन्य' लिहिलं. "भंडारण क्षमता?"

"एक पूर्णांक चव्वेचाळीस."

"क्विंटल?"

माझ्यामागे अकरा माणसं उभी होती आणि त्यातल्या एकाच्या हातात कोंबडी होती. मेगाबाइट समजावत बसण्याऐवजी मी हो म्हणालो. त्यामुळे सरकारदरबारी आमच्याकडे दीड क्विंटलला थोडं कमी इतकं गोदाम आहे. पुढं एक निरीक्षक ते पाहायलाही आले होते. आईनं त्यांना पोहे दिले, मी फ्लॉपी दाखवली. त्यांनी ती हातावर तोलली, शेरा लिहिला, 'गोदाम स्वच्छ आहे', आणि गेले.

पहिली सभा आमच्या बैठकीत भरली. प्रणाली सौंसरहून आली, गुरुजी तिगावहून आले, आणि ज्यांना बोलावलं नव्हतं त्या लीलाबाई रामाकोन्याहून आल्या. दारात चपला काढून त्या सरळ माझ्यासमोर बसल्या.

"चर्चेचा पोट्टा तूच का?"

मी 'वाहतूक निरीक्षक' म्हणणार होतो, पण म्हणालो नाही.

"रामाकोना तुमच्यात घ्या," त्या म्हणाल्या.

गुरुजी म्हणाले, "बाई, रामाकोन्यात कोणाले पाह्यजे हे?"

लीलाबाईंनी प्रणालीकडे पाहिलं. मग प्रणालीनं सांगितलं ते असं. ती विचारपीठावरची पत्रं छापून टायपिंग क्लासच्या भिंतीवर चिकटवायची, पोरांना टायपिंगला मजकूर म्हणून. एका बाजाराच्या दिवशी रामाकोन्याचे देवीदासजी गजभिये, म्हणजे लीलाबाईंचे यजमान, तिथून जाताना थांबले. खताच्या दुकानात काम करणारे, साठ झाडांची बाग असलेले, गावात कमी बोलणारे म्हणून नाव असलेले गृहस्थ. भिंतीवरच्या एका पत्राखाली नाव होतं, संदीप गजभिये, पुणे. त्यांचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी तो पटवाऱ्याची परीक्षा पास झाला आणि रुजू न होता कॉम्प्युटर शिकायला पुण्याला निघून गेला, त्या दिवसापासून बाप-लेकाचं बोलणं बंद. पत्रात संदीपनं लिहिलं होतं की आपल्याकडे संत्र्याच्या झाडाला ताण फार देतात. ताण म्हणजे झाडाचं पाणी तोडून ठेवायचं, पानं मलूल होईपर्यंत, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. किती दिवस तोडायचं, यावर आमच्याकडे सोयरिकी मोडल्या आहेत.

देवीदासजींनी ते पत्र उभ्याउभ्या वाचलं. प्रणालीकडून पेन मागितला. समासात एकच शब्द लिहिला: "चूक." आणि बाजार न करता घरी गेले.

प्रणालीनं तो शब्द टाइप करून धाडून दिला. चार दिवसांनी पुण्याहून दोन पानी उत्तर आलं.

"तवापासून दर बाजाराले जाते माणूस," लीलाबाई म्हणाल्या. "पह्यले पोट्ट्याचं नाव काढू देत नव्हता. आता रोज जेवताना म्हणते, 'तुया पोराले झाडाचं काही समजत नाही.' रोज. तीन वर्षांत पह्यल्यांदा." त्यांनी पदर सारखा केला. "मले संत्र्याचं काही घेणं नाही बाप्पा. पण आठ दिवसांतून एकडाव भांडणं म्हणजे काई भांडणं नाही. रोजचं जमव. रोज भांडले तं कधी तरी थकतीन."

बाबांनी रामाकोना केंद्र क्रमांक चार म्हणून नोंदवलं. देवीदासजी काम करत त्या खताच्या दुकानात एक कॉम्प्युटर होता, त्याचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. ते काढायचं ठरलं. सौंसरहून रामाकोन्याला नॅरोगेजची छोटी गाडी होतीच, नागपूरच्या इतवारीहून छिंदवाड्याला जाणारी. तिच्या वेगाबद्दल अनेक विनोद होते, ते सगळे खरे होते.

आता फ्लॉपी जाणार कशातून, हा प्रश्न आला. पाकिटात वाकेल. पिशवीत कोणी तरी तिच्यावर बसेल. समोरच्या कुलकर्णी काकूंनी सुचवलं की हळदीत बुडवून ठेवा, किडे लागत नाहीत. शेवटी आईनं स्वयंपाकघरातून स्टीलचा गोल डबा आणला. त्यावर मशीननं कोरलेलं होतं: सौ. वंदना वि. धोटे, पांढुर्णा. फ्लॉपी चौकोनी असूनही त्यात बसली, कारण आईच्या डब्यात काहीही बसायचं.

"डबा रिकामा परत पाठवू नका म्हणावं," आई सहज म्हणाली.

आणि बाबांनी ते कलम सातमध्ये घातलं. 'कोणतेही केंद्र डबा अथवा फ्लॉपी रिकामी परत पाठविणार नाही.' टाळ्या वाजल्या. कोणाच्या घरचा डबा रिकामा परत करणं हे आपल्याकडे काय समजतात ते मी सांगायला नको. साखरेचे चार दाणे तरी टाकतातच. पण फ्लॉपी हे भांडं नव्हे, हे त्या खोलीत एका माणसाला कळत होतं. तो माणूस वाहतूक निरीक्षक होता आणि त्याच्या पदाला मत नव्हतं.

पहिल्या फेरीला डबा घेऊन मी स्टँडवर गेलो. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे त्यात?"

"चर्चा."

"उतरन तं नाही ना?" त्यानं डबा ड्रायव्हरच्या देवाच्या फोटोखाली ठेवला. जामसावळीला बस थांबली तेव्हा तो डबा घेऊन मारुतीच्या दर्शनाला गेला आणि अंगारा लावून आला, असं प्रणालीनं कळवलं. फ्लॉपीच्या पत्र्याच्या झाकणावरही थोडा लागला होता. तरी ती वाचता आली. कदाचित म्हणूनच आली.

संध्याकाळी डबा परत आला. त्यात प्रणालीच्या काकूंची शेव होती आणि फ्लॉपी होती. मी फ्लॉपी उघडली. सौंसरकडून त्या दिवशी नवीन पत्र एकही नव्हतं. म्हणून प्रणालीनं, रिकामी कशी पाठवायची, या विचारानं आम्हीच धाडलेली सगळी चर्चा तिच्यात परत भरली होती.

मी तिला फोन लावला. "अगं, तेच परत काहून पाठवलं?"

"मंग काय रिकामी पाठवू? तुझी आई काय म्हणन?"

फोन ठेवून मी ती जुनी पत्रं पुसायला बसलो तर बाबा मागे उभे. हातात आवक रजिस्टर.

"काय करून राहिला?"

"बाबा, हे आपलंच आहे. परत आलंय."

"आलं ना? मंग आवक झालं. नोंदलेला कागद तू फाडून राहिला? तेहतीस वर्षं नोकरी केली मी, एक कागद फाडला नाही." आणि प्रत्येक पत्राखाली त्यांनी मला आवक क्रमांक टाइप करायला लावला, तारखेसह.

इथं एक छोटी तांत्रिक गोष्ट सांगतो, कंटाळा आला तर सोडून द्या. पुण्याच्या प्राध्यापकांच्या यंत्राला एवढी अक्कल होती की तेच पत्र पुन्हा आलं तर ते टाकून द्यायचं. पण परत आलेलं जे आम्ही पुण्याला धाडायचो त्या प्रत्येक पत्राखाली आता वेगळा आवक क्रमांक होता. यंत्राच्या दृष्टीनं ते नवीन पत्र होतं. म्हणून ते दीडशे लोकांना पुन्हा गेलं, दीडशेतले एक आम्ही असल्यामुळे आमच्याकडे पुन्हा आलं, फ्लॉपीत बसलं, सौंसरला गेलं, आणि शेवेसोबत परत आलं. एकाचे दोन. दोनाचे चार. ज्या योजनेनं वाहतूक कमी व्हायची होती तिनं एका महिन्यात विचारपीठाची वाट लावली. तिगावच्या गुरुजींनी एकदा विचारलं होतं, 'डिंक्या रोगावर कोणी बोर्डो मिश्रण वापरलं का?' हा प्रश्न चौसष्ट वेळा विचारला गेला. नागपूरच्या एका वकिलानं वैतागून उत्तर दिलं, 'वापरलं. वापरलं. वापरलं.' तेही परत आलं.

डब्याचं मात्र चांगलं चाललं होतं. जाताना पोहे, येताना शेव. रामाकोन्याहून लीलाबाईंच्या सांभारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या. गुरुजींकडून मुरमुरे, कारण गुरुजी एकटे राहायचे. तेल फ्लॉपीला लागू नये म्हणून तळाशी फ्लॉपी, वर वर्तमानपत्र, वर खाऊ, अशी रचना सर्वानुमते ठरली. मी आजवर पाहिलेल्या सर्व समित्यांमध्ये सर्वानुमते झालेला हा एकमेव ठराव.

आणि देवीदासजी रोज भांडू लागले.

ते इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला आधी तयार नव्हते, म्हणाले मराठीले हाफपँट घालून राहिले तुम्ही. मग एका बोटानं लिहू लागले. 'झाड मागल्याशिवाय पाणी देऊ नये.' संदीपचं उत्तर: 'झाड मागत नाही. वाळून जाते.' देवीदासजी: 'ज्याची मुळं खोल ते वाळत नाही.' संदीप: 'मुळं खोल आहेत हे पाहाले कोणी खोदलं का?' यावर अमरावतीच्या एका कृषी अधिकाऱ्यांनी मुळांच्या खोलीचा तक्ता धाडला. बाप-लेकांनी त्याची दखल घेतली नाही.

सप्टेंबर संपता संपता दोन पत्रं एकाच फेरीत आली.

पहिलं पुण्याच्या प्राध्यापकांचं होतं. पांढुर्णा केंद्रामुळे विचारपीठ वाचणं अशक्य झालं आहे. दसऱ्यापर्यंत पुनरावृत्ती थांबली नाही तर पांढुर्णा व त्यामार्फत येणारी सर्व केंद्रं कमी करण्यात येतील.

दुसरं संदीपचं होतं. ताणाबद्दल चार ओळी होत्या. पाचवी ओळ अशी: 'दसऱ्याले नागपूरले दीक्षाभूमीवर येऊन राहिलो. तिथून रामाकोना जवळच आहे, असं नकाशात दिसते.'

मी ती ओळ दोनदा वाचली आणि कॅलेंडर काढलं. उत्तर दसऱ्याच्या आत जायला हवं होतं. दसऱ्यानंतर आम्ही विचारपीठावर राहणार नव्हतो. आणि त्या दोघांना दुसरी कोणतीही वाट चालत नव्हती. मी लीलाबाईंना फोनवर म्हणालो, "मावशी, तुम्हीच फोन करून सांगा ना त्याले, ये म्हणून."

"मी बोलावलं तं तो माहेरी आल्यासारखा येईन," त्या म्हणाल्या. "बापाच्या घरी नाही येणार. त्याले बापानं म्हटलं पाह्यजे."

मी छोटी गाडी धरून रामाकोन्याला गेलो. देवीदासजी बागेत होते. मला पाहून म्हणाले, "जय भीम. बसा," आणि झाडाच्या आळ्यातलं गवत काढत राहिले. मी म्हणालो काकाजी, दसऱ्याला पंधरा दिवस आहेत, आमचं केंद्र बंद होणार आहे, काही लिहायचं असेल तर.

"ताणाचं त्यानं चुकीचं लिह्यलं," ते म्हणाले.

"हो. पण ती पाचवी ओळ."

"पाचवी ओळ विषयाले धरून नाही."

अर्धा तास ते गवत काढत होते. मीही काढलं. निघताना त्यांनी मला पिशवीभर कढीपत्ता दिला. पत्र दिलं नाही.

नऊ दिवस डबा रामाकोन्याहून फक्त सांभारवडी घेऊन आला. मी प्राध्यापकांना मुदतवाढ मागितली, त्यांनी दिली नाही. मग मी आयुष्यातलं पहिलं परिपत्रक काढलं: 'सर्व केंद्रांनी जुनी पत्रं पुसावीत. एक पत्र एकदाच. फ्लॉपी रिकामी पाठवली तरी चालेल.' ते फ्लॉपीत भरून धाडलं. प्रणालीनं वाचलं, पटलं, आणि फ्लॉपी रिकामी जाऊ नये म्हणून परिपत्रकच तिच्यात परत पाठवलं. बाबांनी आवक क्रमांक घातला.

दहाव्या दिवशी डबा उघडला. वडीखाली कागद, कागदाखाली फ्लॉपी, फ्लॉपीत देवीदासजींचं पत्र. ताणाबद्दल काही नव्हतं. पूर्ण पत्र असं:

'ये.'

मी हात न धुता झाकण काढलं. आईनं ते माझ्या हातून घेऊन त्याची घडी घातली. नागपूर सातव्या वेळी लागलं. पत्र गेलं. दुसऱ्या दिवशी ते सौंसरहून परत आलं, मी पुसणार तर बाबा मागे रजिस्टर घेऊन उभे. मी सांगितलं, बाबा, हे नका. हे तरी एकदाच राहू द्या. त्यांनी पत्र वाचलं. चष्मा काढला. मग म्हणाले, "चांगला कागद आहे. दोनदा गेला तं बिघडत नाही," आणि क्रमांक सांगितला.

पाच फेऱ्यांत ते एकतीस वेळा गेलं. रामाकोन्याचा एक माणूस, जो एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगत नसे, तो दीडशे लोकांना एकतीस वेळा म्हणाला, 'ये.' काहींनी विचारलं, कुठे. काहींनी विचारलं, जेवण आहे का. दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्राध्यापकांनी आम्हाला काढून टाकलं. निरोपाचं पत्र एकदाच आलं. माझ्या कार्यक्षमतेचा तेवढाच पुरावा.

संदीपचं उत्तर आलं असतं तरी आम्हाला ते दिसणार नव्हतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी, बाबा आणि प्रणाली रामाकोन्याच्या स्टेशनावर उभे होतो. लीलाबाई बाकावर. देवीदासजी फलाटाच्या टोकाला, पाठ करून, कारण ते सिग्नल पाहायला आले होते. गाडी पाऊण तास उशिरा आली, म्हणजे वेळेवर आली. संदीप उतरला. त्याच्यामागे नागपूरचे दोन निवृत्त अभियंते, तो वकील, अमरावतीचे कृषी अधिकारी तक्त्यासह, आणि आणखी पाच जण.

"रामाकोना केंद्र हेच का?" एका अभियंत्यानं विचारलं. "फार आग्रह होता हो तुमचा. घरात बायको म्हणाली, एवढं बोलावून राह्यले तं जाऊन या."

संदीप बापाजवळ जाऊन उभा राहिला. देवीदासजी सिग्नलकडे पाहत म्हणाले, "मी एकडावच लिह्यलं होतं."

"मले एकडावच आलं असतं तं मी नसतो आलो बाबा," संदीप म्हणाला. "पह्यलं आलं तवा वाटलं, कोणी मजाक करून राह्यलं. तिसऱ्याले वाटलं, चुकून दबलं. पंधरा झाले तवा तिकीट काढलं."

"एकतीस होते," देवीदासजी म्हणाले.

"बाकीचे मी गाडीत असताना आले असतीन."

देवीदासजींनी त्याच्या हातातली बॅग घेतली. "चाल. झाडं पाहून घे. ताण कोणाचा बरोबर आहे ते समजन," म्हणाले आणि पुढे निघाले. त्यांच्या मागे दहा माणसं एका ओळीत बागेकडं गेली.

लीलाबाईंनी सगळ्यांना जेवू घातलं. निघताना प्रत्येकाला सांभारवडी बांधून दिली. घरातले डबे संपले, तेव्हा अभियंत्यांपैकी एकाला शेवटच्या फेरीत तिथंच राहिलेला आमचा डबा दिला, तळाच्या फ्लॉपीसकट. तळाशी कोणी पाहिलं नाही. त्यांनी तो गाडीत बाकाखाली ठेवला आणि इतवारीला न घेता उतरले. फोनवर ते फार वाईट वाटल्यासारखं बोलले. म्हणाले, वडी मात्र आधीच संपवली होती. म्हणजे डबा रिकामा गेला. आईला मी हे कधी सांगितलं नाही.

समिती आपोआप विसर्जित झाली, ठराव मात्र झाला नाही. पुढं ब्रॉडबँड आलं, फोन आले. छोटी लाईन बंद झाली आणि तिच्या जागी मोठी आली. तिगावच्या गुरुजींचा नातू आज एका मिनिटात जेवढं धाडतो तेवढं आमच्या डब्यात सात जन्मांत बसलं नसतं. पांढुर्णा जिल्हा झाला. सगळं वेळेवर, एकदाच आणि कोरडं पोचतं.

मागच्या उन्हाळ्यात देवीदासजी गेले. तेराव्या दिवसाचं काही नव्हतं त्यांच्यात, पण भेटायला गेलो होतो. साठ झाडांची आता चाळीस राहिली आहेत, संदीप सांभाळतो, ताण बापाच्याच पद्धतीनं देतो. चहा झाल्यावर तो म्हणाला, "गौरव, त्या एकतीसमधलं एखादं तुयाजवळ असन का रे? माही ती मेल कंपनीच बंद पडली. सगळे गेले."

माझ्याजवळ नव्हतं. विचारपीठानं काढून टाकल्यावर मी अपमानाच्या भरात बसून एका दुपारी सगळं पुसलं होतं. बाबा दवाखान्यात गेले होते, त्यांचं लक्ष नव्हतं. ते एकमेव काम मी अत्यंत कार्यक्षमतेनं केलं.

तेव्हा आता एकच प्रत उरते. म्हणून खालील अर्ज मी काल रीतसर टाइप करून पाठवला आहे. बाबा असते तर जावक क्रमांक त्यांनी घातला असता. मी घातला: एक.

प्रति,
मा. स्टेशन अधीक्षक महोदय,
छोटी लाईन, रामाकोना.

विषय: डबा परत मिळणेबाबत.

महोदय,

सविनय निवेदन की, सन २००२ च्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रामाकोन्याहून इतवारीकडे जाणाऱ्या गाडीत, इंजिनापासून तिसऱ्या डब्यात, खिडकीकडील बाकाखाली आमचा एक स्टीलचा डबा राहून गेला आहे. डब्यावर 'सौ. वंदना वि. धोटे, पांढुर्णा' असे कोरलेले आहे. आत वर्तमानपत्राखाली एक फ्लॉपी असून तीत एका शब्दाचे पत्र आहे.

सदर गाडी, तिचे डबे, बाक व रूळ आता अस्तित्वात नाहीत याची अर्जदारास जाणीव आहे. तरी महोदयांनी सदर गाडी फक्त एका दिवसासाठी पुन्हा बोलावून बाकाखाली पाहण्याची व्यवस्था करावी. गाडीस उशीर झाल्यास आमची हरकत नाही.

डबा सापडल्यास कृपया तो रिकामा परत पाठवू नये, ही विनंती.